ठोकळ्याचं पेटंट संपलं, मॉडेलचं काय?

लेगोप्रेमींमध्ये एक मेसेज हातोहात फिरतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: लेगोच्या ठोकळ्याचं पेटंट केव्हाच संपलं, तेव्हा ठोकळ्यांतून बनवलेलं काहीही कुणीही विकावं. हौशी डिझायनरने स्वतः रचलेलं मॉडेल ही नुसती कल्पना, आणि कल्पनेवर मालकी नसते. नेटवर फुकट टाकलं ते सगळ्यांचं झालं. चिनी विक्रेत्यांपुढे कुणाचं काही चालत नाही. आणि कॉपी झालीच तर डिझायनरची फुकटात जाहिरात होते. पहिल्या मुद्द्याचा निम्मा भाग खरा आहे, आणि त्याच्याच आडोशाने बाकीचं सगळं खपतं.

‘पेटंट संपलं, म्हणजे सगळं मोकळं.’

वर स्टड (गोल उंचवटे) आणि आत नळ्या असलेल्या ठोकळ्यासाठी डेन्मार्कमध्ये पेटंटचा अर्ज झाला २८ जानेवारी १९५८ रोजी. ती मुदत संपली. पुढे ठोकळ्याच्या आकारालाच ट्रेडमार्कचं संरक्षण मिळवायचा प्रयत्न झाला, तो कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये फेटाळला. कारण तो आकार जोडणीच्या कामासाठीच तसा आहे. म्हणजे लेगोला बसणारे ठोकळे बनवणं गुन्हा नाही, आणि त्यावरून कुणाला चोर म्हणू नये. पण हे सगळं जोडणीबद्दल झालं. मिनिफिगरच्या, म्हणजे लेगोच्या छोट्या बाहुल्याच्या, आकाराचा ट्रेडमार्क त्याच युरोपात २०१५ मध्ये टिकला. हौशी डिझायनरच्या मॉडेलचा तर पेटंटशी कधी संबंधच नव्हता. तिथे प्रश्न कॉपीराइटचा आहे.

‘मॉडेल म्हणजे कल्पना.’

एसटीची लालपरी ठोकळ्यांत करावी, ही कल्पना. ती कुणीही करावी. ब्रॅकेट (काटकोनी तुकडा) लावून स्टड आडवे वळवायची युक्तीही सगळ्यांची. पण ८ स्टड रुंदीची, हजारभर तुकड्यांची एक ठरावीक लालपरी, तिचे फोटो, रेंडर (संगणकावर काढलेली चित्रं) आणि शंभर पानी सूचनांची पीडीएफ या कल्पना नव्हेत. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शिल्प, रेखाचित्र आणि छायाचित्र या ‘कलाकृती’ आहेत, आणि त्यांत कलात्मक दर्जा असो वा नसो, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. अमेरिकेत एका अपील न्यायालयाने १९८३ मध्ये खेळण्यातल्या विमानाबद्दल सांगितलं की ते उपयोगाची वस्तू नव्हे, विमानाचं चित्रण आहे. त्यामुळे निव्वळ उपयुक्त वस्तू म्हणून त्याचा कॉपीराइट नाकारता येत नाही.

दोन खाचखळगे मात्र आहेत. मॉडेल एखाद्या सिनेमातल्या यानाचं असेल तर मूळ रूप स्टुडिओचं. तिथे तक्रार आपल्या फोटोंपुरती आणि पीडीएफपुरती ठेवावी. दुसरा खळगा खास भारतातला, कॉपीराइट कायद्याचं कलम १५(२). जे डिझाइन, डिझाइन कायद्याखाली नोंदवता आलं असतं पण नोंदवलं नाही, ते लावलेली वस्तू मालकाने किंवा त्याच्या परवानगीने दुसऱ्या कुणी औद्योगिक पद्धतीने ५० पेक्षा जास्त वेळा काढली, की त्यावरचा कॉपीराइट संपतो. चोराने काढलेल्या प्रती यात धरत नाहीत. पण आपणच किट विकायला लागलात तर ५१ व्या डब्याआधी वकिलाला विचारा. डिझाइनची नोंदणी करायची असेल तर मॉडेल कुठेही प्रसिद्ध करण्याआधी; एकदा फोटो टाकला की नावीन्य गेलं.

‘फुकट दिलं ते सगळ्यांचं.’

फुकट देणं म्हणजे विकायची मुभा देणं नव्हे. तरी परवाना लिहिलेला बरा: क्रिएटिव्ह कॉमन्स या तयार परवान्यांपैकी ‘श्रेय द्या, व्यापारी वापर नको’ हा. तो पीडीएफच्या फक्त पहिल्या पानावर न टाकता प्रत्येक पानाच्या तळाशी टाकावा, कारण कॉपी करणारा पहिलं पान आधी फाडतो.

‘चिनी विक्रेत्यांपुढे काही चालत नाही.’

लेपिन हा लेगोचे सेट जसेच्या तसे काढणारा ब्रँड. शांघाय पोलिसांनी २०१९ मध्ये त्याच्यावर छापा टाकला, आणि २०२० मध्ये मुख्य आरोपीला ६ वर्षं कैद आणि ९ कोटी युआन दंड झाला. अर्थात मागे खुद्द लेगो कंपनी उभी होती. हौशी माणसाला ते झेपणार नाही. त्याचा दरवाजा वेगळा आहे: कारखाना सोडा, ज्या ऑनलाइन बाजारपेठेवर माल टांगलाय तिला धरा.

त्यासाठी पुरावा मॉडेल बनवतानाच पेरावा लागतो. ठोकळ्यांची मॉडेलं संगणकावर रचायच्या ‘स्टुडिओ’ या सॉफ्टवेअरमधली फाइल दहा-बारा टप्प्यांवर वेगळ्या नावाने साठवा. चोराकडे फक्त शेवटचा टप्पा असतो. मग मॉडेलच्या पोटात, बाहेरून दिसणार नाही अशा तीन जागी, खुणा ठेवा: जिथे सरळ एक २×४ बसला असता तिथे दोन २×२, त्यातला एक पोपटी. भार पेलणारी जागा निवडू नका, आणि महाग रंग घेऊ नका, नाहीतर प्रामाणिकपणे बांधणाऱ्यालाच भुर्दंड. हे चालतं, कारण नकला करणारे पार्ट-लिस्ट बहुधा आख्खी उचलतात आणि अंधारातला पोपटी ठोकळाही बरोबर येतो. तो किटमध्ये सापडला तर ‘आम्हालाही तेच सुचलं’ म्हणायची सोय उरत नाही. आतली रचना वेगळी निघाली, तर समजा नक्कल फोटोवरून झालीय. मग भर बाह्यरूपावर आणि फोटोंवर द्या.

नक्कल शोधणं सोपं आहे, जरा विनोदीही. हौशी मॉडेलं जिथे टाकतात त्या रिब्रिकेबल संकेतस्थळावरचा मॉक नंबर (मॉक म्हणजे स्वतः रचलेलं मॉडेल) विक्रेते स्वतःच शीर्षकात टाकतात. तो नंबर शोधा, मग फोटोने उलटा शोध घ्या. तक्रारीआधी पानाचा पूर्ण वेब-पत्ता, विक्रेत्याचं नाव आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ठेवा. अशा तक्रारींसाठी अलीएक्सप्रेसला अलिबाबाचा आयपीपी मंच आहे, ईबेवर व्हेरो. ओळखपत्र आणि मालकीचा पुरावा आधीच तयार ठेवा.

तक्रारी फेटाळल्या जातात त्या बहुतेक तीन चुकांमुळे. दुकानाच्या पानाचा पत्ता दिला, वस्तूच्या पानाचा दिलाच नाही. ‘लेगो’ या ट्रेडमार्कच्या नावाने ओरड केली, जो आपला नाहीच. किंवा ‘माझी आयडिया चोरली’ असं लिहिलं. लिहायचं असं: ‘हा फोटो माझा, अमुक तारखेला इथे प्रसिद्ध, तुमच्या पानावरचा तिसरा फोटो तोच आहे.’ फोटोची तक्रार सर्वांत लवकर निकाली निघते. विक्रेता नवा फोटो लावून परत येतो, हेही धरून चला. तेव्हा पीडीएफ आणि पोपटी ठोकळा बाहेर काढायचा.

विक्री भारतातल्या संकेतस्थळावर असेल तर कॉपीराइटच्या २०१३ च्या नियमांतला नियम ७५ वापरून पाहावा. योग्य लेखी तक्रारीनंतर ३६ तासांत मजकूर रोखायचा असतो. मात्र २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो परत दिसू शकतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ मुळे दावा आपण राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, पण पुरावा म्हणून उपयोगी पडते.

‘जाहिरात होते की!’

ज्या डब्यावर नावच नाही त्याने कुणाची जाहिरात होणार? रीतसर मार्ग आहेत. काडा ही चिनी कंपनी काही सेटांवर डिझायनरचं नाव छापते. लेगो आयडियाज या, चाहत्यांच्या मॉडेलांतून सेट निवडणाऱ्या लेगोच्याच उपक्रमात १०,००० पाठिंबे मिळवून निवड झालेल्याला निव्वळ विक्रीचा १ टक्का मिळतो. चोरीच्या किटमधून मिळते ती बदनामी. लेगोच्या टेक्निक या यांत्रिक मालिकेत तुकडे जोडणारी काळी पिन (तुकडा क्रमांक २७८०) घट्ट बसते, करडी (क्रमांक ३६७३) मोकळी फिरते. किट भरणाऱ्याने २७८० च्या जागी ३६७३ टाकली की क्रेनचा हात लोंबतो. उलट केलं तर चाक फिरत नाही. शिव्या खातो तो मूळ डिझायनर, कारण गिऱ्हाईक मॉक नंबर शोधत त्याच्यापर्यंत पोचतं आणि विचारतं, ‘पिशवी क्रमांक ७ मध्ये पिना कमी आहेत, कधी पाठवता?’

अशा माणसावर खेकसू नये. त्याला बहुधा चोरी माहीतच नसते. ऑर्डरचा स्क्रीनशॉट आणि उघडलेल्या पिशव्यांचे फोटो मागा, बदल्यात कुठे कोणती पिन लागते ते सांगा. विक्रेत्याचं नाव, तारीख, किंमत आणि पोपटी ठोकळा, पुढच्या तक्रारीला लागणारं सगळं त्या एका उत्तरात येतं.