पेढा, पंधरा मिनिटं आणि दहावीचे टक्के

'लहानपणी खाऊपुढं थांबणारं पोर पुढं यशस्वी होतं, न थांबणाऱ्याच्या स्वभावातच खोट' असं सांगणारा, पालकांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज अखेर आमच्या वहिनींपर्यंत पोचला आणि काल पाच वर्षांच्या पोराला पेढ्यापुढं बसवलं गेलं. पंधरा मिनिटं थांबला तर दुसरा पेढा. तिसऱ्या मिनिटाला पेढा गायब, आणि घरात सुतक!

आता त्या मेसेजमधलं एकेक वाक्य बघू. 'जो थांबला तो दहावीत चमकला.' खाऊपुढं थांबवण्याचा मूळ प्रयोग मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचा, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतला. मुलं बहुतेक विद्यापीठातल्याच लोकांची. 2018 मध्ये संशोधक टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी 900 हून जास्त मुलांची माहिती तपासली. थांबण्याचा पंधराव्या वर्षीच्या गुणांशी संबंध निघाला, पण आधी सांगितला होता त्याच्या निम्माच. घरची परिस्थिती आणि मुलाची आधीची समज हिशेबात धरली, तेव्हा त्यातलाही दोन तृतीयांश गळाला. फरकसुद्धा बराचसा पहिली 20 सेकंदं थांबलेल्या आणि न थांबलेल्या मुलांमधला. मग पंधरा मिनिटं छळ कशाला?

'न थांबणं हा चारित्र्यदोष.' हे सगळ्यात वाईट. 2013 च्या एका प्रयोगात 28 मुलांपैकी निम्म्यांना प्रयोग घेणाऱ्यांनी आधी चांगले रंग आणून देतो म्हणून सांगितलं आणि ते रिकाम्या हातानं परत आले. ती मुलं नंतर सरासरी 3 मिनिटं थांबली. ज्यांना दिलेला शब्द पाळला ती 12 मिनिटं. 'उद्या आणतो' म्हटलेली वस्तू कधीच येत नसेल, तर समोरचं खाऊन टाकणारं पोर हिशेबी म्हणायचं. खुद्द मिशेल यांच्याकडंही खाऊ नजरेआड ठेवल्यावर मुलं कितीतरी जास्त वेळ थांबली. खाऊ झाकल्यानं चारित्र्य सुधारतं काय?

'यशात 80 टक्के स्वभाव.' हा आकडा कुठून आला देव जाणे. नेटानं, वेळच्या वेळी काम करण्याची सवय आणि गुण यांचा संबंध मोठ्या एकत्रित अभ्यासांत 0.2 च्या आसपास येतो (0 म्हणजे संबंधच नाही, 1 म्हणजे पुरेपूर). म्हणजे गुणांतल्या फरकाचा 4-5 टक्के भाग. बरं, एवढं मान्य करतो की वरच्या वर्गांत ही सवय बुद्धीच्या जवळपास जाते.

'परिस्थिती ही सबब.' हे कोल्हापुरात फॉरवर्ड करायला धाडस पाहिजे. शाहू महाराजांनी 1901 पासून बोर्डिंगं कशासाठी उभी केली?

दहावीच्या पोराला सवयच लावायची असेल तर अभ्यासाच्या वेळी मोबाईल दुसऱ्या खोलीत, आईबाबांचासुद्धा. 'रोज अभ्यास कर' असं मोघम नको. 'सातला चहा झाला की बीजगणिताची पाच गणितं' असं वेळेला बांधून ठरवा. धडा वाचून झाला की पुस्तक मिटून आठवेल ते लिहायला लावा, चुकलेलं दोन दिवसांनी परत. आणि शाबासकी कबूल केली असेल तर त्याच दिवशी द्या.