शर्टावर कसले भांडताय, कोच कसा काढला ते बघा

आमच्या पेन स्टेटवाल्यांच्या (म्हणजे पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठवाल्यांच्या) ग्रुपवर गेले कित्येक महिने एकच रड चालू आहे. नायकी गेली, आदिदास येणार, आता आपलं कसं होणार! टीमचे कपडे पुरवणारी 1993 पासूनची कंपनी 1 जुलै 2026 ला बदलायची ठरलीय, तर लोकांना कुलदैवत बदलल्यासारखं दुःख झालंय. इतके दिवस गप्प होतो, आज लिहितोच.

ज्यांना या खेळाशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हा हेल्मेटवाला अमेरिकन फुटबॉल, आणि तोही कॉलेजचा. स्टेट कॉलेज हे पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातलं आडबाजूचं गाव, पण मॅचच्या शनिवारी बीव्हर स्टेडियममध्ये लाखावर माणूस जमतो. मी इथे मास्टर्स करायला आलो तेव्हा नियम डोक्यावरून जायचे, पण कोणी "वी आर" म्हटलं की आपण "पेन स्टेट" ओरडायचं, एवढं पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

शर्टाबद्दल लोक इतके हळवे का, ते मला समजतं. आमचा पोशाख म्हणजे साधेपणाची हद्द. गडद निळा शर्ट, पांढरी पँट, पांढऱ्या हेल्मेटवर मधोमध एकच निळा पट्टा, काळे बूट. पाठीवर नंबर असतो, नाव नसतं. 2012 मध्ये नावं टाकली तर केवढा गहजब झाला, आणि 2015 मध्ये ती काढली तेव्हा जुन्या मंडळींना हायसं वाटलं. त्यात आता तीन पट्टेवाली कंपनी येणार म्हटल्यावर धास्ती वाटणारच. पण नायकीच्या काळात जो पोशाख टिकला तो विद्यापीठाने टिकवला, कंपनीने नव्हे. उद्याही विद्यापीठाने नाही म्हटलं तर कोणाची टाप आहे बदलायची?

आणि पैशाचं बोला की. करार 10 वर्षांचा, बातम्यांनुसार 30 कोटी डॉलरच्या घरातला. 2021 पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करता येते. जुलै 2025 पासून विद्यापीठही त्यांना थेट पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षी 2.05 कोटी डॉलरपर्यंत. वर स्टेडियमच्या नूतनीकरणाचे 70 कोटी डॉलर आहेतच. हा पैसा आणायचा कुठून? आमच्यासारख्यांच्या तिकिटातून किती काढाल! त्यामुळे जास्त देणाऱ्या कंपनीकडे जाणं मला तरी शहाणपणाचं वाटतं. "आदिदास घातली की चांगली पोरं येत नाहीत" म्हणणाऱ्यांनी जानेवारी 2026 मधली राष्ट्रीय फायनल आठवावी. इंडियाना विरुद्ध मायामी, दोन्ही आदिदासवाले. आणि जिंकलं कोण, तर इंडियाना! पराभवांचा डोंगर रचणारं विद्यापीठ म्हणून ज्याची हेटाळणी व्हायची, ते 16 पैकी 16 मॅच जिंकून गेलं.

तेव्हा शर्टाचं सोडा. खरं दुखणं सप्टेंबर-ऑक्टोबर 2025 चं आहे.

आदल्या मोसमात आपण सेमीफायनलला पोचलो, नोत्र दामकडून 27-24 ने हरलो. ॲलर (क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून हल्ला चालवणारा खेळाडू), सिंगलटन, ॲलन हे आपले मोठे खेळाडू एनएफएल, म्हणजे व्यावसायिक लीग, लांबणीवर टाकून परत आले. ओहायो स्टेटचा कोच जिम नोल्स वर्षाला 31 लाख डॉलर मोजून बचावासाठी आणला. मोसमाआधीच्या क्रमवारीत दुसरा नंबर. मग ऑरेगनकडून डबल ओव्हरटाइममध्ये हार, तीही घरच्या व्हाइट आउटला, म्हणजे सगळं स्टेडियम पांढरे कपडे घालून येतं त्या मॅचला. ती एक वेळ पचवता आली असती. पण पुढच्या शनिवारी एकही मॅच न जिंकलेल्या यूसीएलएने आपल्याला 42-37 ने लोळवलं, त्यानंतर नॉर्थवेस्टर्नने घरी येऊन एका पॉइंटने हरवलं आणि ॲलरही जायबंदी. दुसऱ्या दिवशी मुख्य कोच जेम्स फ्रँकलिनला नारळ!

फ्रँकलिनचा मी काही भक्त नाही. पहिल्या दहातल्या टीमविरुद्ध 4 विजय आणि 21 पराभव हा हिशोब बारा वर्षांचा आहे, त्याला काय झाकणार. पण त्याला काढताना पुढचा माणूस तयार होता का? नव्हता. आठवडेच्या आठवडे शोध चालला, बीवायू विद्यापीठाचे कोच सिटाके हाताशी आल्यासारखे वाटले आणि तिथेच राहिले. तोवर फ्रँकलिन व्हर्जिनिया टेकला पोचलासुद्धा, आणि आपल्याकडे यायचा शब्द दिलेली हायस्कूलची बरीच पोरं त्याच्या मागे गेली. डिसेंबरमध्ये करारावर सह्या करायच्या दिवशी पेन स्टेटकडे आले किती? दोन! शाळकरी खेळाडू आणि त्याचे आईबाप वर्षवर्ष कोचशी बोलून निर्णय घेतात. कोचच नाही तर ते कोणाच्या भरवशावर येणार?

फ्रँकलिनला नवी नोकरी मिळाली म्हणून त्याला काढल्याबद्दल द्यायची 4.9 कोटी डॉलरची भरपाई 90 लाखांवर आली. यालाही काही जण व्यवस्थापनाची हुशारी म्हणतात. नशीब म्हणा.

म्हणजे बघा, कपडे कोणाचे घालायचे याचा दहा वर्षांचा बंदोबस्त सप्टेंबरमध्ये करणाऱ्या लोकांना, कोच काढल्यावर डिसेंबरात काय होईल, याचा अंदाज ऑक्टोबरमध्ये नव्हता. याबद्दल ग्रुपवर कोणी चकार शब्द काढत नाही, सगळे पट्टे मोजतायत.

टेरी स्मिथने मात्र कमाल केली. हंगामी कोच म्हणून विस्कटलेली टीम सावरली आणि यँकी स्टेडियममध्ये क्लेमसनला हरवून वर्ष 7-6 वर संपवलं. नवा मुख्य कोच मॅट कॅम्पबेलबद्दलही मी आशावादी आहे. आयोवा स्टेटसारख्या ठिकाणी कमी पैशात टीम उभी करणारा माणूस आहे, आणि येताना तिथल्या खेळाडूंचा जथाच घेऊन आलाय. इंडियानाचा कोच सिग्नेटी यानेही आधीच्या जेम्स मॅडिसन विद्यापीठाहून अशीच माणसं आणून सुरुवात केली होती. पण क्वार्टरबॅक रोको बेक्टचं कॉलेजमधलं 2026 हे शेवटचं वर्ष. त्याच्यानंतरचा क्वार्टरबॅक आत्ता कुठल्यातरी हायस्कूलमध्ये आहे आणि त्याच्या घरी रोज चार कोचचे फोन येतायत. त्यातला एक आपला आहे का, हे कोणाला ठाऊक असेल तर कमेंटमध्ये सांगा. शर्टाचा फोटो टाकलात तर डिलीट करीन.