किलोओहम बघून पिकअप निवडू नका

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली असतो तो पिकअप: चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेची कॉइल, जी तारांच्या कंपनाचा विजेचा सिग्नल करते. नवा गिटारवादक आवाजाबद्दल कुरकुरला की त्याला ठरलेला सल्ला मिळतो: "आधी पिकअप बदल. किलोओहम जितके जास्त तितका टोन दमदार. आणि सिरॅमिकच्या वाटेला जाऊ नकोस, अल्निकोच घे." (सिरॅमिक आणि अल्निको हे पिकअपमधल्या चुंबकाचे प्रकार.) हे ऐकून पोरं साठवलेले पैसे घालतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी किलोओहम. मल्टिमीटरवर दिसतो तो कॉइलमधल्या तांब्याच्या तारेचा रोध. वेढे तेवढेच ठेवून 42 ऐवजी 43 गेजची बारीक तार वापरली तरी तो साधारण पाव पटीने वाढतो. एवढंच काय, 8 किलोओहमचा पिकअप पुण्यात डिसेंबरच्या पहाटे मोजा आणि एप्रिलच्या दुपारी मोजा, पाऊण किलोओहमचा फरक सहज पडेल. ग्रेच गिटारच्या फिल्टरट्रॉन पिकअपचा रोध जेमतेम 4 किलोओहम असतो. एसी/डीसी या रॉक बँडच्या माल्कम यंगचा रिदम त्याच जातीच्या पिकअपवर उभा होता. त्याला कोण मवाळ म्हणेल?

वेढे खरोखरच वाढवले तर आउटपुट वाढतं, हे मान्य. पण त्याबरोबर कॉइलचा इंडक्टन्सही (बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध) वाढतो, रेझोनन्सचं शिखर, म्हणजे पिकअप ज्या उंचीचे सूर सगळ्यात ठळक देतो ती जागा, खाली सरकतं आणि वरची झळाळी जाते. डिस्टॉर्शनमध्ये (फाटलेल्या आवाजात) ते खपून जातं, पण क्लीनवर (स्वच्छ आवाजात) सहा तारांचा कॉर्ड छेडला की सगळे सूर एकमेकांत कालवल्यासारखे येतात. गिब्सन या गिटार कंपनीसाठी सेथ लव्हरने 1955 च्या सुमारास घडवलेल्या हंबकरचा (घरघर मारणारा दोन कॉइलचा पिकअप) रोध बहुधा 7 ते 9 किलोओहमच्या दरम्यान भरतो, आणि आजही लोक त्याच आवाजामागे धावतात. तगडे पिकअप 1970 च्या दशकात आले ते व्हॉल्व्हच्या अँपला जोरात ढकलून त्याचा आवाज फाडण्यासाठी. आज साध्या पेडललाही लागेल त्याहून जास्त गेन (सिग्नल वाढवण्याची ताकद) असतो.

त्या लाटेचा म्होरक्या, डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन, सिरॅमिक चुंबकाचाच आहे. चुंबकाच्या नावावरून आवाज ठरत नाही. अल्निकोचा मुद्दा इथेच संपतो.

राहिलं "आधी पिकअप बदल". माझ्याकडे आलेल्या एका गिटारचा हंबकर मेल्यासारखा वाजत होता. उघडून पाहिलं तर व्हॉल्यूमच्या बटणामागे 250 किलोओहमचा पॉट (फिरवून बदलता येणारा रोध). 500 चा बसवला आणि आवाज उघडला. पिकअप तोच राहिला. सिंगल कॉइलच्या गिटारवर जाड तारेचा सूर वरच्या फ्रेटवर डगमगत असेल, तर चुंबक तारेला ओढत असतो. स्क्रू फिरवून पिकअप खाली घ्या. नव्या तारा आणि छोटी केबल हेही आधी करून बघा. यात दुपार जाते, पैसे फारसे जात नाहीत.

एवढं करूनही पिकअप मोठ्या गेनला शिट्टी मारत असेल किंवा 50 हर्ट्झची घरघर असह्य असेल, तर जरूर बदला. मात्र दुकानात आकडा मागू नका, तक्रार सांगा. ब्रिजजवळच्या (तारा बॉडीवर टेकतात तिथल्या) पिकअपचा आवाज कर्कश असेल तर थोडे जास्त वेढे चालतील. नेकपाशी तार जास्त झुलते, तिथे सौम्यच पिकअप हवा; तो आवाज गढूळ असेल तर आणखी कमी वेढ्यांचा घ्या. आणि मागवण्याआधी ब्रिजवर पहिल्या आणि सहाव्या तारेतलं अंतर मोजा: हंबकर साधारण 50 आणि 53 मिलिमीटर अशा दोन मापांत मिळतात.