टक्के आमचे आहेत, तुमचे नाहीत

कालपासून डोकं फिरलंय माझं.

परवा शेतात भरताची पार्टी होती. कापसाच्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजली आणि बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, कुटायला आमचा टोटल बसला. टोटल म्हणजे ज्याला अजिबात दिसत नाही. थोडंफार दिसतं तो पार्शल. मी पोलिओवाला, डाव्या पायात कॅलिपर, म्हणजे आधाराची पट्टी, अपंगत्वाच्या दाखल्यावर साठ टक्के, म्हणून माझं नाव 'साठ'. टोटल ओरडला, "साठ, मिरच्या तू निवड, पार्शलने निवडल्या तर देठं खावी लागतील!" पोट धरून हसलो सगळे.

आमच्यात नवा कोणी आला की पहिला प्रश्न हाच, "किती टक्के?" चाळीसच्या खाली भरलं की बहुतेक सवलती गेल्या. त्या एका आकड्यासाठी पँट गुडघ्यापर्यंत वर करून अनोळखी लोकांपुढे उभं राहावं लागतं. ते ज्याने भोगलं त्याने मला साठ म्हणावं.

तर पार्टीत गल्लीतला एक जण होता. तोही हसला, काही म्हणणं नाही. पण काल भर बाजारात लांबूनच आरोळी, "ए साठ टक्के, कथा चालना रे?" म्हणजे कुठे निघालास. वर, उरलेले चाळीस घरी ठेवून आलास का म्हणे! केळीच्या गाडीभोवतीची माणसं फिदीफिदी हसली. माझी पोरगी सोबत होती. तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्या पायाकडे. जाब विचारला तर म्हणतो, "तुम्हीच म्हणता ना एकमेकांना?"

हो, म्हणतो! तू कधी उभा होतास त्या रांगेत?

दुसरे ते शब्द सुधारणारे. दाखल्याच्या रांगेत टोटलला 'टोटल' म्हटलं तर एक साहेब मलाच शिकवायला लागले, "असं बोलू नये, दिव्यांग म्हणावं." २०१५च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये तो शब्द सुचवला, तेव्हापासून पाट्या बदलल्या. तपासणी मात्र दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, आणि मी कठडा धरून एकेक पायरी चढतोय. दिव्य ते हेच का?

अपंगांच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यात कलम ९२ आहे, अपंग माणसाचा चारचौघांत मुद्दाम अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षं कैद. मला कोणाला आत टाकायचं नाही. पंधरा वर्षं एका गल्लीत राहतोस, माझं नाव तुला पाठ आहे. त्या नावाने हाक मार.