खुलासा : हंसातला 'नवा तारा' दिसणार नाही

इंदूरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक संदेश फिरतोय : हंस तारकासमूहातले दोन तारे लवकरच एकमेकांवर आदळणार आणि गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनी ध्रुवताऱ्याइतका ठळक नवा तारा दिसणार. हे खरं नाही. कृपया पुढे पाठवू नका.

मूळ भाकीत मात्र खरंच झालं होतं. केआयसी ९८३२२२७ ही एकमेकांना चिकटून फिरणाऱ्या ताऱ्यांची जोडी, एक फेरी जेमतेम ११ तासांत. फेरीचा काळ घटत चाललाय, म्हणजे तारे जवळ येताहेत, असं दिसल्यावर अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ लॅरी मोल्नर यांनी २०१७ मध्ये, २०२२ च्या सुमारास विलीनीकरण होईल असं सांगितलं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने जुन्या नोंदी तपासल्या. १९९९ च्या निरीक्षणांबद्दलच्या एका शोधनिबंधात ग्रहणाची (एक तारा दुसऱ्याला झाकतो त्या क्षणाची) वेळ बरोबर १२ तासांनी चुकीची छापली गेली होती! फेरीच ११ तासांची, त्यामुळे चूक तासाभराच्या फरकासारखी दिसली आणि फेरीकाळ घटत असल्याचा आलेख बराचसा त्याच एका नोंदीवर बेतला गेला. मोल्नर यांनी दुरुस्ती मोकळेपणाने मान्य केली, हे मला फार मोलाचं वाटतं.

२०२२ उलटून गेलं, जोडी जागेवरच आहे. दुर्बिणीशिवाय ती दिसतही नाही.

तारे विलीन होतात, हे मात्र खरं. वृश्चिक तारकासमूहातल्या व्ही१३०९ या जोडताऱ्याचा २००८ मध्ये असाच भडका उडाला. आधीच्या वर्षांच्या नोंदींत त्याचा घटत गेलेला फेरीकाळ नंतर स्पष्ट सापडला.