दोन्ही घरचा पाहुणा

माझ्या शोधनिबंधाला, म्हणजे पेपरला, आलेला पहिला रिव्ह्यू अजून तोंडपाठ आहे. 'काम चांगलं आहे, लिखाण स्वच्छ आहे, पण हा पेपर प्रोग्रॅमिंग लँग्वेजवाल्यांच्या कॉन्फरन्समध्ये जास्त शोभेल.' मी गुणी बाळासारखा पेपर तिकडे पाठवला. काही महिन्यांनी तिकडून निरोप आला. काम चांगलंच होतं, लिखाणही स्वच्छ होतं, पण कॉम्प्युटर आर्किटेक्चरवाल्यांच्या, म्हणजे प्रोसेसरची रचना करणाऱ्यांच्या, कॉन्फरन्समध्ये ते जास्त शोभलं असतं.

एक नंबरच्या खिडकीवरून तीनवर आणि तीनवरून पुन्हा एकवर पाठवतात ना, तशातला हा प्रकार. खिडकीवरचा माणूस निदान तोंडावर सांगतो. इथे सांगणारा कोण ते मला कळत नाही, आणि ऐकणारा कोण ते त्याला कळू देत नाहीत. याला डबल ब्लाइंड म्हणतात. दोघांनी डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि मग एकाने दुसऱ्याला रस्ता दाखवायचा.

माझा अपराध एवढाच की माझा विषय उंबरठ्यावरचा आहे. ६४ बिटांच्या प्रोसेसरमध्ये मेमरीचा पत्ता लिहायला ६४ बिट मिळतात, पण बऱ्याच यंत्रांवर त्यातले ४८च कामाला येतात. वरचे सोळा नुसते बसून असतात. मला वाटलं, बसलेच आहेत तर काहीतरी काम करून घ्यावं. भाषेने तिथे 'हा आकडा आहे', 'ही यादी आहे' अशी चिठ्ठी लिहून ठेवायची आणि प्रोसेसरने जाता जाता ती वाचायची. कल्पना फार जुनी आहे, हे मला पुढे भरल्या हॉलमध्ये ऐकून घ्यायचं होतं.

गंमत म्हणजे ही दोन्ही घराणी एकाच वर्षी जन्मलेली. भाषावाल्यांची पॉपल ही कॉन्फरन्स पहिल्यांदा भरली ती ऑक्टोबर १९७३मध्ये, बॉस्टनला. आर्किटेक्चरवाल्यांची इस्का त्याच डिसेंबरात, फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलला. दोन महिन्यांचं अंतर. एवढ्यात कसलं वैर व्हायचं? वैर नाहीच. येणंजाणं नाही, इतकंच.

आर्किटेक्चरवाल्यांच्या कुठल्याही हॉलमध्ये डोळे मिटून शिरा आणि उघडा, समोर बारांचा ग्राफ असतो. खाली प्रोग्रॅमची नावं तिरकी छापलेली, मान वाकडी केल्याशिवाय वाचता येत नाहीत. उजवीकडे टोकाला 'जिओमीन' नावाचा, म्हणजे सगळ्यांच्या सरासरीचा, एक बार आणि वक्त्याचं वाक्य, 'आमच्या पद्धतीने वेग सरासरी सात टक्क्यांनी वाढतो.' बाकीचे बार गुडघ्याएवढे, पण मध्येच एक छपराला टेकलेला असतो. इतका उंच की तो वरून कापून शेजारी आकडा लिहावा लागतो. हा एमसीएफ. मी बरीच वर्षं त्याला काहीतरी गहन भौतिकशास्त्र समजत होतो. मग एकदा खोदून पाहिलं, तर तो निघाला सार्वजनिक वाहतुकीच्या गाड्यांचं वेळापत्रक बसवणारा प्रोग्रॅम! स्पेक सीपीयू, म्हणजे प्रोसेसरचा वेग मोजायला वापरायचे ठरावीक प्रोग्रॅम, त्यांच्या २०००, २००६ आणि २०१७ या तिन्ही संचांत हे महाशय ठाण मांडून आहेत. स्वभाव असा की मेमरीत या टोकाकडून त्या टोकाकडे उड्या मारत हिंडायचं आणि कॅशला, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीला, हाती काही लागू द्यायचं नाही. त्यामुळे कॅशबद्दल कुणाला काहीही सुचलं की आधी एमसीएफला फायदा होतो. जगातली अतिशय हुशार माणसं इतकी वर्षं खपून ते एकच वेळापत्रक जास्त जास्त वेगाने बसवताहेत. गाड्या वेळेवर सुटतात का, हा प्रश्न आर्किटेक्चरच्या कक्षेत येत नाही.

भाषावाल्यांकडे, निदान पॉपलला, वातावरण निराळं. तिथे पडद्यावर एक आडवी रेघ असते. रेघेच्या वर गृहीतकं, खाली निष्कर्ष, आणि दोन्हीकडे ग्रीक. आधी गामा, मग आडवा पडलेला टी, मग टाउ. वक्ता म्हणतो, 'हा नियम तर उघडच आहे.' हॉलभर माना डोलतात. मीही डोलावतो. संगणकशास्त्रज्ञ रॉबिन मिल्नर यांनी १९७८ साली लिहून ठेवलंय की ज्या प्रोग्रॅमचे टाइप, म्हणजे कुठे आकडा आणि कुठे यादी ही वर्गवारी, नीट बसले तो वाकड्या वाटेला जाऊ शकत नाही. तेव्हापासून यातली काही मंडळी प्रोग्रॅम चालवून बघायच्या भानगडीत पडत नाहीत. तो चुकणार नाही हे सिद्ध झालंय, मग उगाच चालवून त्याचा अपमान कशाला?

आमच्यासारख्या उंबरठ्यावरच्यांसाठी एक तिसरं घर आहे, नाही असं नाही. अ‍ॅस्प्लॉस, १९८२ पासूनचं. पूर्ण नाव 'आर्किटेक्चरल सपोर्ट फॉर प्रोग्रॅमिंग लँग्वेजेस अँड ऑपरेटिंग सिस्टिम्स'. लिफ्टमध्ये कुणी विचारलं तर सांगून होईपर्यंत त्याचा मजला येतो. पहिल्याच वर्षी तिथे जॉर्ज रॅडिन यांचा आयबीएमच्या ८०१ या यंत्रावरचा पेपर होता. हार्डवेअर साधं ठेवायचं, बाकीची अक्कल कंपायलरने, म्हणजे भाषेतला प्रोग्रॅम यंत्राच्या सूचनांत उतरवणाऱ्याने, चालवायची, आणि दोघांना शेजारी शेजारी बसवून घडवायचं, असा तो बेत. आणि ८०१ हे नाव कसं पडलं? ज्या इमारतीत काम चाललं तिचा नंबर ८०१. संपलं. एवढ्यावर भागत होतं त्या लोकांचं. आमच्या सोळा बिटांच्या कल्पनेला नाव शोधण्यात पंधरा दिवस गेले. नाव एखाद्या प्राण्याचं हवं असा सरांचा हट्ट होता, आणि प्राणी जुळवण्यासाठी 'हार्डवेअर'मधलं शेवटून दुसरं अक्षर उचलावं लागलं.

तर अ‍ॅस्प्लॉसलाही पाठवला. माझ्या अंदाजाने तिथल्या तीन रिव्ह्यूअरांपैकी एक आर्किटेक्चरचा होता, एक भाषेचा आणि एक ऑपरेटिंग सिस्टिमचा. तिघांनी मिळून तीन नवी ठिकाणं सुचवली.

पुन्हा डेडलाइन. या डेडलाइनलाही एक घड्याळ असतं, 'एनीव्हेअर ऑन अर्थ' नावाचं. पृथ्वीच्या पाठीवर कुठेही ती तारीख शिल्लक आहे तोवर पेपर घेतला जातो, म्हणजे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या बारा तास मागे. त्या वेळेत बसणारी जमीन म्हणजे प्रशांत महासागरातली बेकर आणि हाउलँड ही दोन बेटं. दोन्हींवर मनुष्यवस्ती नाही. समुद्रपक्षी आहेत. जगभरचं संगणकशास्त्र ज्यांच्या मध्यरात्रीवर चालतं ते पक्षी त्या वेळी बहुधा झोपलेले असतात.

आम्ही मात्र जागे होतो. पानांची मर्यादा अकरा, आमचा पेपर साडेअकरा. अशा वेळी माणसाचं खरं रूप बाहेर येतं. आधी विशेषणं जातात. मग आकृत्या लहान होतात. मग दोन परिच्छेदांमधली मोकळी जागा कुणालाही न सांगता कमी होते, आणि पहाटेच्या सुमारास एकजण म्हणतो, 'निष्कर्षाचा भाग खरंच हवाय का?'

त्यातच सिम्युलेटर, म्हणजे प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्रॅम. खऱ्या प्रोसेसरचं एका सेकंदाचं काम तो बारकाईने करायला बसला की तास मोजायचे, आणि कोअर वाढले की दिवस. शेवटच्या रात्री मात्र आम्ही खऱ्याच यंत्रावर एक मोजणी घेत होतो, आणि माझ्या खात्यावरून चालवलं की वाढ तीन टक्के, मित्राच्या खात्यावरून पाच. तोच प्रोग्रॅम, तेच यंत्र. मी यंत्रावर पक्षपाताचा आरोप करणार होतो, पण सर शांतपणे म्हणाले, 'तुझं आडनाव लांब आहे.' मला वाटलं, जागरणाचा परिणाम. पण ते खरं बोलत होते. २००९च्या अ‍ॅस्प्लॉसमध्ये एक पेपर आला होता: युनिक्समधल्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सची, म्हणजे प्रोग्रॅमला सुरू होताना मिळणाऱ्या माहितीची, लांबी बदलली की स्टॅक, म्हणजे प्रोग्रॅमची तात्पुरती कामाची जागा, मेमरीत थोडा सरकतो आणि तेवढ्याने मोजलेला वेग बदलू शकतो. त्या व्हेरिएबल्समध्ये वापरणाऱ्याचं नावही असतं. उघड अशी एकही चूक न करता चुकीचे आकडे कसे मिळतात, हे त्यांनी सविस्तर दाखवलं होतं. आम्ही मग नाना लांबीची नावं घेऊन सगळं पुन्हा मोजलं. वाढ चार टक्के निघाली. कमी वाढीचा सगळा दोष आडनावाला देता आला असता तर बरं वाटलं असतं.

या वेळी आमचा पेपर घेतला गेला. का, ते माहीत नाही. रिव्ह्यूअर थकले असावेत.

या कॉन्फरन्सेस अधूनमधून एकाच इमारतीत भरतात. आर्किटेक्चरची इस्का आणि भाषांची पीएलडीआय दर चार वर्षांनी एफसीआरसी नावाच्या मोठ्या मेळ्यात एकत्र येतात. आर्किटेक्चरची एचपीसीए आणि कंपायलरवाल्यांची सीजीओ तर दरवर्षीच एका छताखाली असतात. माझं भाषण अशाच एका आठवड्यात होतं; कुठल्या, ते सांगत नाही. डाव्या अंगाला आर्किटेक्चर, उजव्या अंगाला भाषा, मध्ये जाड गालिच्याचा लांब कॉरिडॉर. गळ्यातल्या बॅजवर कॉन्फरन्सचं नाव. मी दोन्हीकडे नाव नोंदवलेलं, म्हणून माझ्या बॅजखाली दोन फिती लोंबत होत्या, आणि समोरचा माणूस आधी त्या वाचायचा, मग पुन्हा वाचायचा आणि 'अच्छा' म्हणून दुसरीकडे वळायचा.

भाषणाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. लॅपटॉप पडद्याला जोडला तेव्हा पडदा निळा झाला, मग काळा, मग त्यावर माझी ई-मेल दिसली. सेशन चेअरने 'पाच मिनिटं' असा कागद दाखवला तेव्हा मी अकराव्या स्लाइडवर होतो आणि एकूण स्लाइड होत्या एकतीस. पुढच्या वीस स्लाइड मी 'हे तुम्ही पेपरात बघालच' या एका वाक्यात संपवल्या. टाळ्या झाल्या. माझ्यामते त्या वेळेत संपवल्याबद्दल होत्या.

मग प्रश्न. हॉलच्या मध्यभागी माइक उभा असतो आणि त्याच्यापुढे रांग लागते. पहिले आले ते पांढऱ्या दाढीचे, आर्किटेक्चरच्या बाजूचे. आधी माइकची उंची नीट केली. मग म्हणाले, "प्रश्न नाहीये, शेरा आहे." सेशन चेअरने डोळे मिटले. "हे बरोज कंपनीच्या बी५००० या यंत्रात होतं. १९६१."

मी म्हटलं, "हो, आम्ही त्याचा उल्लेख केलाय." केला नव्हता. तो उतारा कापलेल्या अर्ध्या पानात होता.

"यंत्रच मुळी अल्गॉल ही भाषा डोळ्यांसमोर ठेवून बांधलं होतं," ते म्हणाले. "आणि इंटेलचं ४३२ विसरू नका."

यावर अर्धा हॉल हसला. ४३२ म्हणजे १९८१ची चिप. भाषेच्या सोयीसाठी हार्डवेअरमध्ये इतकं काही भरलं की बिचारी रांगायलाच लागली. आर्किटेक्चरवाल्यांकडे लहान मुलांना भीती घालायला तिचं नाव घेत असावेत.

तेवढ्यात रांगेतल्या दुसऱ्या बाई पुढे आल्या, भाषेच्या बाजूच्या. "तुमच्या चिठ्ठीचा अर्थ नेमका काय? म्हणजे सिमँटिक्स काय? दोन थ्रेडनी एकाच वेळी लिहिली तर?" थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्रॅमचे बरोबरीने चालणारे धागे.

मी तोंड उघडलं. पण दाढीवाले गृहस्थ अजून माइकपाशीच होते. ते वळून म्हणाले, "ते मेमरी मॉडेलवर अवलंबून आहे." म्हणजे एकाने मेमरीत लिहिलेलं दुसऱ्याला कधी दिसायचं, याच्या नियमांवर.

"कुठल्या? ते तर कुणी लिहूनच ठेवलेलं नसतं."

"लिहून ठेवलेलं असतं. मॅन्युअलमध्ये."

"इंग्रजीत," बाई म्हणाल्या. गणितात नाही, असं त्यांना म्हणायचं होतं.

पुढची चार मिनिटं ती दोघं माइक एकमेकांकडे देत बोलत राहिली आणि मी व्यासपीठावर उभा राहून बोलणाऱ्याकडे बघत मान हलवत होतो. एकदा बाईंनी माझ्याकडे बोट दाखवून 'हा म्हणतोय ते' असं म्हटलं. मी काय म्हणतोय ते ऐकायला मीही उत्सुक होतो. शेवटी सेशन चेअर म्हणाला, "हे आपण ऑफलाइन बोलू या." ऑफलाइन म्हणजे कॉरिडॉरमध्ये. ती दोघं बोलत बोलतच बाहेर गेली. मी वायर काढली, ई-मेल बंद केली आणि मागोमाग गेलो. शेवटी पेपर माझा होता.

कॉरिडॉरमध्ये तासभर उभे होतो. मधेच बाईंचा विद्यार्थी आला आणि त्यांच्या हातात जेवणाची थाळी ठेवून गेला. थोड्या वेळाने दाढीवाल्यांचा आला. दोघं जेवता जेवता बोलत होते. बाईंनी कागदी नॅपकिनवर आडवी रेघ मारून वर-खाली ग्रीक लिहिलं. दाढीवाल्यांनी तो नॅपकिन उलटा करून पाठीमागे बार काढले. मी दोघांना पेन पुरवलं. ते पेन परत आलं नाही.

एकमेकांना कार्ड देऊन ती दोघं आपापल्या हॉलकडे वळली, तेव्हा कॉरिडॉरच्या टोकाला एक मनुष्य टेबलांवरची कापडं गोळा करत होता. डावीकडे एक टेबल, उजवीकडे एक. त्याने माझ्या गळ्यातल्या बॅजकडे पाहिलं.

"तुम्ही कुठल्या कॉन्फरन्सचे?"

"दोन्ही," मी म्हटलं.

त्याने आधी डावीकडच्या टेबलाकडे पाहिलं, मग उजवीकडच्या. दोन्ही पुसून झाली होती.