केल्विनग्रोव्हची इमारत पाठमोरी नाही

ग्लासगोच्या केल्विनग्रोव्ह कलादालन व संग्रहालयाचे छायाचित्र समाजमाध्यमांवर आले की त्याखाली एक गोष्ट हमखास सांगितली जाते: नकाशा उलटा धरल्यामुळे ही इमारत पाठमोरी बांधली गेली आणि ते पाहून वास्तुविशारदाने तिच्याच मनोऱ्यावरून उडी घेऊन जीव दिला. यातले एकही विधान खरे नाही.

आधी दिशेविषयी. १८८८ मध्ये केल्विनग्रोव्ह उद्यानात भरलेल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाला जो नफा झाला, तो शहराला कायमचे कलादालन मिळावे या कामी लावला गेला. त्यासाठी स्पर्धा घेऊन आराखडा निवडण्यात आला, १८९७ मध्ये पायाभरणी झाली आणि २ मे १९०१ रोजी त्याच उद्यानात दुसरे, अधिक मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन सुरू झाले, तेव्हा ही तांबड्या वालुकाश्माची वास्तू त्याचाच एक भाग होती. सुमारे सहा महिन्यांत १ कोटीहून अधिक लोकांनी ते प्रदर्शन पाहिले. उद्यानातल्या इमारतीने उद्यानाकडे तोंड करावे, हाच मुळात हेतू होता. म्हणूनच शिल्पकार जॉर्ज फ्रॅम्प्टन यांनी घडवलेली, ग्लासगोचे संरक्षक संत मुंगो यांची मूर्ती उत्तरेच्या, म्हणजे उद्यानाच्या बाजूच्या द्वारमंडपाशी आहे. मागच्या दाराशी नगराच्या संताला कोणी बसवत नाही.

गैरसमजाचे कारण मात्र समजण्यासारखे आहे. प्रदर्शनाचे भव्य मंडप तात्पुरते होते, ते पाडले गेले, आणि रस्त्याकडून येणाऱ्या आजच्या पाहुण्याला दक्षिणेची बाजूच समोरची वाटते.

आता मृत्यूविषयी. वास्तुविशारद एक नव्हे, दोन होते: जॉन सिम्पसन आणि ई. जे. मिल्नर अ‍ॅलन. सिम्पसन पुढे ब्रिटिश वास्तुविशारदांच्या राजमान्य संस्थेचे अध्यक्ष झाले, १९२३ मध्ये खुल्या झालेल्या वेम्बली स्टेडियमच्या रचनेत त्यांचा प्रमुख वाटा होता, आणि त्यांचे निधन १९३३ मध्ये झाले. अ‍ॅलनही १९०१ नंतर अनेक वर्षे हयात होते. ज्यांची नावे आणि कारकीर्द नोंदलेली आहे अशा माणसांच्या माथी आत्महत्या मारणे मला अक्षम्य वाटते.

मुंबईकरांना ही कथा ओळखीची वाटेल, कारण १९०३ मध्ये सुरू झालेल्या ताजमहाल हॉटेलविषयीही हुबेहूब हेच सांगितले जाते, फक्त उडी घेणारा चेंबर्स नावाचा इंग्रज असतो. तिथेही मूळ प्रवेशद्वार शहराच्या बाजूलाच योजलेले होते. मूळ आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा, वैद्यांचे काम चालू असतानाच निधन झाले आणि चेंबर्स यांनी ते पूर्णत्वास नेले. उडीच्या कथेत वैद्यांचे नावही येत नाही.